अहवालात न छापलेला आकडा

२०२१-२२च्या हंगामात खानदेशात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. हातातली नड भागवायला ज्यांनी कापूस लवकर विकला ते हळहळले आणि ज्यांनी घरात ठेवला त्यांच्याकडे गाव कौतुकानं बघू लागलं. पुढच्या हंगामात शहादा-तळोद्यापासून पार जळगावपर्यंत घराघरांत कापसाचे ढीग लागले. भाव नऊ हजार होता तेव्हा कोणी विकेना, आठ हजारांवर आला तरी विकेना. उन्हाळ्यात दहा हजार होणारच, ही खात्री. मे-जून २०२३ पर्यंत भाव सात हजारांच्या आसपास उतरला. लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी ६,३८० रुपये होता, म्हणजे भाव हमीभावाच्या थोडाच वर राहिला, थांबण्यानं उलट तोटाच झाला, आणि कापसानं भरलेल्या घरात अंगाला खाज सुटली ती वेगळी.

या लोकांनी अडाणीपणा केला असं मला वाटत नाही. त्यांनी एक नियम बांधला, मागच्या आकड्यांवर लावून पाहिला, नफा दिसला, म्हणून पुढच्या वर्षी माल रोखून धरला. फक्त ते मागचे आकडे एकाच हंगामाचे होते.

संगणकावर हाच उद्योग शेअरच्या भावांवर केला की त्याला बॅकटेस्टिंग म्हणतात. ‘वीस दिवसांची सरासरी पन्नास दिवसांच्या सरासरीच्या वर गेली की घ्यायचं, खाली आली की विकायचं’ असा नियम सॉफ्टवेअरला सांगायचा, दहा-पंधरा वर्षांचे भाव त्याच्यापुढे टाकायचे, आणि हा नियम तेव्हापासून पाळला असता तर काय झालं असतं ते विचारायचं. ॲमिब्रोकर, ट्रेडिंगव्ह्यू, मेटास्टॉक, ब्रोकरांच्या ॲपमधल्या सोयी, कशातही हे होतं. काही सेकंदांत अहवाल येतो: वर चढत जाणारी एक हिरवी रेघ आणि खाली तीस-चाळीस आकडे.

हा अहवाल आता मुंबई-पुण्यातल्या मोजक्या लोकांपुरता राहिलेला नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. त्याच आधारवर पुढे घरबसल्या डीमॅट खातं उघडायची सोय झाली आणि सब-ब्रोकरच्या दुकानाची पायरी चढायची गरज संपली. नवापूर असो की धडगाव, मोबाइलला रेंज असली की बाजार हातात. बाजाराची नियामक संस्था सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरणाऱ्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. आणि २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या क्षेत्रातल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. यातल्या किती जणांच्या हाती बॅकटेस्टच्या नफ्याचा चकचकीत पीडीएफ होता, हे अभ्यासात नाही. पण असे पीडीएफ ज्या संख्येनं टेलिग्रामवर फिरतात, ते पाहता बरेच असावेत.

तेव्हा असा एक अहवाल समोर ठेवून वाचू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणा खऱ्या विक्रेत्याचे नाहीत. जानेवारी २०१२ ते डिसेंबर २०२१, दहा वर्षं. सुरुवातीचं भांडवल पाच लाख, शेवटी वीस लाख. एकूण सौदे ३००, त्यातले नफ्याचे ४० टक्के. नफ्याच्या सौद्यांची बेरीज ३० लाख, तोट्याच्या सौद्यांची १५ लाख, म्हणून प्रॉफिट फॅक्टर २. सर्वांत मोठा ड्रॉडाउन, म्हणजे शिखरापासूनची घसरण, ३२ टक्के. बाजारात पैसा गुंतलेला असण्याचा काळ ५५ टक्के.

पाचाचे वीस झाले, हे वाचून माणूस पुढे काही वाचत नाही. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. पण दहा वर्षांत चौपट म्हणजे वर्षाला चक्रवाढीनं १४.९ टक्के. २०११च्या अखेरीस निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक ४,६२४ वर बंद झाला होता, २०२१च्या अखेरीस १७,३५४ वर. ही वाढ वर्षाला १४.१ टक्क्यांची, आणि त्यात लाभांश धरलेला नाही. लाभांश मिळवला की निफ्टी आपल्या नियमाच्या पुढे जातो. म्हणजे तीनशे वेळा घेणं-विकणं करून, रोज संध्याकाळी तक्ते पाहून जे मिळालं, त्याहून थोडं जास्त एक इंडेक्स फंड घेऊन झोपी गेलेल्या माणसाला मिळालं असतं.

नियमाच्या बाजूनंही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्याचा पैसा ५५ टक्केच काळ बाजारात होता. उरलेल्या काळात तो लिक्विड फंडात व्याज कमावू शकला असता. आणि २०२० च्या मार्चमध्ये निफ्टी जानेवारीच्या शिखरापासून ३८ टक्के खाली आला होता, नियमाची सर्वांत वाईट घसरण ३२ ची. त्यामुळे ‘निरुपयोगी’ असा शिक्का मारायला मी तयार नाही. पण हा विचार करायचा तर शेजारी निफ्टीची रेघ हवी, आणि बहुतेक अहवालांत ती नसते. सॉफ्टवेअर देत नसेल तर स्वतः काढावी; वहीत दोन ओळींचं काम आहे.

आता तारखा पाहा. २०११ मध्ये निफ्टी जवळजवळ २५ टक्के पडला होता. आपला अहवाल ते वर्ष संपल्यावर सुरू होतो आणि कोरोनानंतरच्या मोठ्या तेजीत संपतो. २००८ त्यात नाहीच. त्या वर्षी जानेवारीच्या शिखरापासून ऑक्टोबरच्या तळापर्यंत निफ्टी सुमारे ६० टक्के घसरला होता. सुरुवातीची तारीख दरीत आणि शेवटची डोंगरावर ठेवली की कुठलाही नियम हुशार दिसतो. अहवालाची तारीख मागे सरकवून २००७ पासून काढायला सांगा. ‘तेवढा डेटा नाही’ असं उत्तर आलं, तर हा नियम खऱ्या मंदीतून कधी गेलेला नाही एवढं नोंदवून ठेवा.

‘चाळीस टक्के सौदे नफ्याचे’ हे वाचून लोक नाक मुरडतात. दहातले सहा वेळा चुकणारा नियम कोण घेईल? इथं उलट फसगत होते. आपल्या अहवालात नफ्याचा सरासरी सौदा २५,००० चा आणि तोट्याचा सुमारे ८,३०० चा. तिप्पट फरक आहे, म्हणून चाळीस टक्के पुरतात. याउलट शंभरातले ८५ सौदे पाचशे-पाचशे रुपये देणारे आणि उरलेले पंधरा साडेतीन हजार नेणारे असतील, तर ४२,५०० आले आणि ५२,५०० गेले. ८५ टक्के यश, दहा हजार तोटा. ऑप्शन विकण्याच्या बऱ्याच योजना याच घडणीच्या असतात. महिनोन्‌महिने थोडं थोडं येत राहतं, रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ दिसते, आणि मग ४ जून २०२४ सारखा दिवस येतो. लोकसभेचे निकाल लागत होते, निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के खाली बंद झाला. चाचणीच्या काळात असा एकही दिवस नसेल तर अहवालातलं ८५ टक्के यश म्हणजे न आलेल्या संकटाची नोंद. शार्प रेशोही इथं मदतीला येत नाही. विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये मांडलेलं हे मोजमाप परताव्याला चढउतारानं भागतं. चढउतार अजून झालेलाच नसेल तर भागाकार सुंदरच येणार.

मला अहवालात सर्वांत आधी पाहावासा वाटतो तो आकडा वेगळा आहे: सरासरी सौद्यामागचा नफा. आपल्याकडे १५ लाख भागिले ३००, म्हणजे पाच हजार. भांडवल पाचाचं वीस लाख होत गेलं, तर एका सौद्यात सरासरी दहा लाख गुंतत होते असं ढोबळ धरू. दहा लाखांवर पाच हजार म्हणजे अर्धा टक्का. या अर्ध्या टक्क्यातून काय काय जायचं आहे? डिलिव्हरीचा सौदा असेल तर घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर. घेताना ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क. एक्स्चेंजचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी चिमूटभर. दलाली शून्य धरली तरी ०.२२ टक्के झाले, दहा लाखांवर २,२००. पडद्यावर दिसलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यात दोन्ही बाजूंना ०.१ टक्क्याचा फरक, म्हणजे स्लिपेज, पडला, तर आणखी २,०००. पाच हजारांतले आठशे उरले. तीनशे सौद्यांचे २ लाख ४० हजार. पंधरा लाखांचा नफा अडीच लाखांच्या आत आला, आणि त्यावर अल्पमुदतीच्या नफ्याचा कर अजून भरायचा आहे, जो २३ जुलै २०२४ पासून २० टक्के झाला. हिशेब ढोबळ आहे, भांडवल कमी वाढलं की सौद्याचा आकारही बदलतो. पण दिशा बदलत नाही.

नंदुरबारच्या मिरची बाजारात हे कोणाला शिकवावं लागत नाही. व्यापारी ओली लाल मिरची घेतो, पथारीवर पसरून वाळवतो, आणि सुक्या मालाचा भाव मनात धरताना आधी घट धरतो. वजन निम्म्याच्या कितीतरी खाली जाणार, देठ खुडणाऱ्यांची मजुरी जाणार, नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी आला तर पथारीवरचा माल खराब होणार. ओल्या वजनाला सुक्याचा भाव लावून नफा मोजणारा तिथं एक हंगामही टिकायचा नाही. सॉफ्टवेअर मात्र बिनदिक्कत तसा नफा मोजतं. ट्रेडिंगव्ह्यूवर दलाली आणि स्लिपेजच्या रकान्यांत तुम्ही काही भरलं नाही, तर दोन्ही शून्य धरले जातात. शून्य हा आकडा कोणी लबाडीनं टाकलेला नसतो. तो कोणी बदललेला नसतो, एवढंच. म्हणून अहवालाचं शेवटचं पान, जिथं सेटिंग्ज असतात, ते आधी उघडावं.

छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये तर हा फरक मोजणंही कठीण. दिवसाला काही हजार शेअर फिरणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर तुम्हाला पाच लाखांचा माल बंद भावाला सहज विकून दाखवतं. प्रत्यक्षात लोअर सर्किट, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा, लागलेलं असतं, विकणाऱ्यांची रांग असते आणि समोर घेणारा कोणी नसतो.

घसरणीच्या आकड्याकडे येऊ. ३२ टक्के वाचायला सोपं वाटतं. वीस लाखांचे तेरा लाख साठ हजार झालेले पाहणं सोपं नसतं, विशेषतः ते पैसे ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले असतील तर. आणि परत वीस लाखांवर यायला ३२ नव्हे, ४७ टक्के वाढ लागते. किती खोल, याबरोबर किती काळ, हेही विचारावं. शिखर गाठायला पुन्हा अकरा महिने लागले की तीन वर्षं? हा कालावधी बऱ्याच अहवालांत असतो, पण शोधावा लागतो. शिवाय काही ठिकाणी घसरण फक्त पूर्ण झालेल्या सौद्यांवर मोजतात. उघड्या सौद्यात मध्ये भांडवल किती खाली गेलं होतं ते त्यात येतच नाही.

सलग तोट्यांचं गणितही करून ठेवलेलं बरं. दहातले सहा सौदे तोट्याचे असलेल्या नियमात, तीनशे सौद्यांच्या प्रवासात कुठेतरी सलग दहा तोटे येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. नियम बिघडलेला नसतानाही. वर्षाला तीस सौदे धरले, तर हे दहा तोटे म्हणजे चार महिने. चार महिने प्रत्येक सौदा बुडत असताना अकरावा सौदा ठरलेल्या आकारानं घेणारी माणसं थोडी. बहुतेक जण नवव्या तोट्यानंतर नियम बदलतात, आणि अहवाल त्या क्षणापासून त्यांच्या उपयोगाचा राहत नाही.

एक तपासणी कमी लोक करतात आणि ती फार बोलकी असते. सौद्यांची यादी एक्सेलमध्ये उतरवून नफ्यानुसार लावावी आणि वरचे पाच सौदे काढून टाकावेत. उरलेल्या २९५ सौद्यांत नफा राहतो का? चाल पकडणाऱ्या नियमात थोड्या सौद्यांनी बराच नफा दिला तर त्यात वावगं काही नाही, तो त्याचा स्वभाव आहे. पण सगळाच नफा एका शेअरच्या एका वर्षातल्या उड्डाणातून आला असेल, तर आपण नियम तपासला की त्या शेअरचं नशीब, हे स्वतःला विचारावं.

इथवरचं सगळं अहवालात असतं. नीट पाहिलं तर दिसतं. ज्या डेटावर अहवाल उभा असतो त्यातल्या खोटी मात्र कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत.

बाजाराच्या डेटातली सर्वांत जुनी खोट म्हणजे वाचलेल्यांची यादी. आजच्या निफ्टीतले पन्नास शेअर घेऊन २००८ पासून चाचणी केली, की निकाल छान येतो. येणारच. आज यादीत आहेत त्या कंपन्या टिकल्या, वाढल्या म्हणूनच यादीत आहेत. २००८ मध्ये निफ्टीत सत्यम होती, युनिटेक होती, सुझलॉन होती, रिलायन्स कम्युनिकेशन्स होती. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंचं कबुलीपत्र आलं आणि शेअर एका दिवसात पाऊण किंमत गमावून बसला. त्या वेळी बाजारात असलेल्या माणसाला सत्यम घेण्याचा मोह खराखुरा होता; तुमच्या सॉफ्टवेअरला तो कधी झालाच नाही, कारण त्याच्या यादीत सत्यम नाही. खरी चाचणी करायची तर त्या त्या दिवशी यादीत कोण होतं ते लागतं, आणि असा डेटा फुकट क्वचित मिळतो.

बोनस आणि स्प्लिट ही दुसरी जागा. इन्फोसिसनं २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला. तीन वेळा दुप्पट म्हणजे आठपट शेअर. म्हणून तक्त्यावर जुने भाव आठानं भागून दाखवतात; २०१३ मधला ३,२०० चा भाव आज ४०० दिसतो. हे योग्यच आहे, नाहीतर बोनसच्या दिवशी भाव निम्मा झालेला दिसेल. पण ‘पाचशे रुपयांखालचेच शेअर घ्यायचे’ असा नियम लिहिला, तर सॉफ्टवेअर २०१३ मध्ये इन्फोसिस घेईल, जी तेव्हा पाचशेला कुठेच मिळत नव्हती. पुढे ज्यांनी भरपूर बोनस दिले त्या कंपन्या मागं जाऊन स्वस्त दिसतात, आणि नियम त्यांनाच वेचून काढतो.

तिसरी खोट म्हणजे उद्याचं आज माहीत असणं. बंद भावावरून इशारा मिळाला आणि खरेदीही त्याच बंद भावाला झाली असं अहवाल दाखवत असेल, तर थांबा. बंद भाव ठरेपर्यंत इशारा पक्का नसतो, आणि पक्का होतो तेव्हा बाजार मिटलेला असतो. दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाला खरेदी धरून तोच अहवाल पुन्हा काढावा. एवढ्यानं पुष्कळ जादू उतरते.

आता त्या आकड्याकडे, जो कुठल्याच अहवालात छापलेला नसतो: हा अहवाल हाती येण्याआधी किती अहवाल काढून फेकून दिले?

सरासऱ्यांचाच नियम घ्या. छोटी सरासरी ५ ते ५० दिवसांपैकी कुठलीही, मोठी ५१ ते २०० पैकी कुठलीही. ४६ गुणिले १५०, म्हणजे ६,९०० जोड्या झाल्या. ऑप्टिमाइझ नावाचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर त्या सगळ्या तपासतं आणि सर्वांत नफ्याची वर ठेवतं. ‘१७ आणि ८३ दिवसांचा सिद्ध फॉर्म्युला’ असा जो पीडीएफ विकला जातो, तो बहुधा असा जन्मलेला असतो. १७ आणि ८३ मध्ये बाजाराचं काही गुपित आहे म्हणून तो वर आला, की ६,९०० मध्ये कोणीतरी वर येणारच होता म्हणून? एकच अहवाल हाती असेल तर हे कळायला मार्ग नाही. निव्वळ योगायोगानं शंभरात पाच वेळा साधेल अशी कसोटी लावली, तरी ६,९०० मध्ये शेकडो जोड्या पास होतात.

डेव्हिड लाइनवेबर या अमेरिकी विश्लेषकानं १९९० च्या दशकात याची मजेदार फजिती करून दाखवली. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाशी कशाचे आकडे जुळतात ते त्यानं संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत शोधलं, आणि सापडलं बांगलादेशातलं लोण्याचं उत्पादन! निर्देशांकाच्या चढउताराचा ७५ टक्के भाग एवढ्या लोण्यानं ‘समजावला’. त्यात अमेरिकेतलं चीज आणि दोन्ही देशांतल्या मेंढ्या मिळवल्यावर तो ९९ टक्क्यांवर गेला. नंदुरबार बाजार समितीतली मिरचीची आवक, सारंगखेड्याच्या यात्रेतली घोड्यांची विक्री आणि तापीची प्रकाशाजवळची पाणीपातळी घेऊन बसलं, तर निफ्टीशी जुळणारं काहीतरी आपल्यालाही सापडेल. शोधत राहिलं की सापडतंच.

विनोद बाजूला ठेवून मोजदादही झाली आहे. क्वांटोपियन या अमेरिकी मंचावर हजारो हौशी लोक स्वतःचे नियम लिहून तपासत. २०१६ मध्ये त्यांच्या संशोधकांनी ८८८ नियम घेतले आणि ते लिहून झाल्यानंतरच्या, म्हणजे लिहिणाऱ्यानं न पाहिलेल्या काळात ते कसे चालले ते पाहिलं. चाचणीतल्या शार्प रेशोवरून पुढच्या कामगिरीबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नव्हतं. आणि लिहिणाऱ्यानं जितक्या जास्त वेळा चाचणी केली होती, तितकी चाचणी आणि प्रत्यक्ष यांतली दरी जास्त होती. मेहनत जास्त, तफावत जास्त. कापूस रोखून धरणाऱ्यांकडे एकच हंगाम होता आणि एकच नियम. इथं नियम हजारो, आणि शेवटी ज्याच्या वाट्याला चांगला हंगाम आला तोच लोकांसमोर येतो.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही घरी करता येतात. पहिला शेजारपाजारचा. १७-८३ उत्तम असेल तर १५-८०, १८-८५, २०-९० कसे आहेत? तेही बरे असतील तर नियमात काही तथ्य असण्याची आशा आहे. १७-८३ ला दुप्पट नफा आणि १८-८५ ला तोटा असेल, तर तो आकड्यांचा अपघात आहे. दुसरा उपाय संयमाचा आहे. शेवटची तीन वर्षं बाजूला ठेवायची, आधीच्या काळावर नियम काय हवा तो घासूनपुसून ठरवायचा, आणि मग राखून ठेवलेल्या वर्षांवर एकदाच चालवायचा. एकदाच. निकाल आवडला नाही म्हणून नियम बदलून पुन्हा चालवला, की ती तीन वर्षंही वापरलेल्या डेटात जमा झाली. हा मोह फार कमी लोकांना आवरतो, आणि विक्रेत्यानं आवरला असेल असं मानायला काही आधार नसतो.

बाजाराचे कायदेही बदलत असतात. बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन्स २०१६ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाले. त्यांच्यावर बांधलेल्या शेकडो योजनांचे अहवाल आता इतिहासाच्या पुस्तकासारखे वाचायचे. निफ्टीची साप्ताहिक मुदत गुरुवारी संपायची, ती १ सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारवर आली. ऑप्शन विकण्यावरचा एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रीमियमच्या ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला. जुन्या दरानं काढलेला नफा नव्या दरानं राहतो का, हे पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही.

सेबीनं या धंद्याकडे लक्ष दिलं आहे. २ सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकानं अल्गोची, म्हणजे संगणकानं आपोआप सौदे करणाऱ्या नियमांची, सेवा देणाऱ्या ब्रोकरांना अल्गोच्या मागच्या किंवा अपेक्षित परताव्याचा उल्लेख करायला बंदी केली. असे दावे करणाऱ्या मंचांशी संबंध ठेवायलाही. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानं अल्गोंचे दोन वर्ग केले. आतला नियम उघड असलेले एका बाजूला, झाकलेले दुसऱ्या. झाकलेला अल्गो विकायचा तर विकणाऱ्यानं सेबीकडे रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी केलेली हवी. नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. अमुक टक्के परताव्याचा अहवाल पाठवून पैसे मागणाऱ्याला आधी तो क्रमांक विचारावा. बरेचसे संवाद तिथंच संपतील.

आणि ज्यांनी नियम स्वतः लिहिला आहे, वरच्या चाळण्यांतून तो बऱ्यापैकी निभावला आहे, त्यांनी सुरुवात सर्वांत छोट्या आकारानं करावी. जमल्यास एकेक शेअरनं. वहीत तीन रकाने पुरतात: सॉफ्टवेअरनं धरलेला भाव, ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरचा भाव आणि सगळे खर्च मिळून पडलेला फरक. वीस-तीस सौद्यांनंतर त्या तिसऱ्या रकान्याची सरासरी काढायची, ती सॉफ्टवेअरच्या दलाली-स्लिपेजच्या रकान्यांत शून्याच्या जागी भरायची, आणि दहा वर्षांचा तोच अहवाल पुन्हा छापायचा.